माकडहाडाचा पुरावा

हसू नका म्हणलं की तुम्ही जास्तच हसणार, म्हणून तसं म्हणतच नाही. फक्त आधी चहा संपवा. ही गोष्ट ऐकताना एकदा माझ्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता!

तर मंडळी, माणूस देवानं घडवला का आपोआप घडत आला, ह्यावर मोठमोठे पंडित भांडून थकले. त्या वादाचा निकाल मी जवळा बाजार ह्या आमच्या गावात, भर बाजाराच्या दिवशी, लिंबाखाली उभं राहून लावायला गेलो. आणि तो वाद सरळ माझ्या लग्नावर येऊन आदळला. कसा? सांगतो ना!

निजामाचं राज्य होतं. मी औरंगाबादेहून शिकून गावी आलो होतो आणि शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. अंगात नवी विद्या मावत नव्हती. त्यात सेनगावकडच्या सखाराम पाटलांच्या सरूशी माझी सुपारी फुटलेली. म्हणजे माणसानं गपगुमान बसायचे दिवस. पण गप बसेल तो मी कसला?

त्या दिवशी कापडवाल्या रहीमचाचांच्या दुकानापुढं आमचे कीर्तनकार गोविंदबुवा बसले होते. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. बुवा म्हणत होते, ब्रह्मदेवानं सृष्टी केली. चाचा म्हणत होते, मालिकनं मातीतून बाबा आदम घडवला. भांडण? छे! "करणारा येकच हाय, बुवा," असं चाचा म्हणाले, आणि बुवा म्हणाले, "बराबर!" इतकं गोडीत चाललं होतं हो सगळं. आणि मी मध्ये तोंड घातलं.

"कुणी घडवलं न्हाई न् काही न्हाई. माणूस माकडाच्या जातीतूनच आला!"

चाचांच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला. बुवांनी कानात करंगळी घालून हलवली.

"कोण आला?"

"आपण सगळे!"

"आमचं सोड. तुझ्या बापाला म्हाईत हाय का हे?"

लोक गोळा झाले. कांदे विकणारे आले, विकत घेणारे आले. चाचा शांतपणे म्हणाले, "मास्तर, कचेरीतबी सबूत लागतो. तुमचा सबूत काय?"

"जमिनीच्या पोटात दगड झालेली हाडं सापडतात, चाचा. जितकं खोल जावं तितके प्राणी येगळे!"

"आमी इहीर खणली," बुवा म्हणाले, "जितकं खोल गेलो तितका मुरूमच लागला! आन् काय रे, देवळावरची वानरं अजून वानरंच काहून? त्यांना कुणी अडवलं?"

"ती आपले आजोबा न्हाईत, बुवा. चुलत घराणं हाय. भाऊबंद!"

"भाऊबंद?" मागून एक शेतकरी किंचाळला. "म्हंजे वाटणी मागायला येतील की!"

सगळा बाजार हसला. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात बुवांनी शेवटचा घाव घातला. "मग शेपटी कुठं गेली?"

"गेली न्हाई!" मी लिंबाच्या पारावर चढून ओरडलो. "शेपटीचं मूळ अजून हाय! माझ्याकडं हाय! बोट लावलं की लागतं!"

ह्यापुढचं माझं वाक्य असं होतं, की त्यालाच आपण माकडहाड म्हणतो आणि ते तुम्हा सगळ्यांनाही आहे. पण नेमकं त्याच घटकेला कुंभाराचं गाढव ओरडलं. आणि साधं ओरडलं नाही, सात पिढ्यांचं दुःख असल्यासारखं ओरडलं! माझं वाक्य त्यात वाहून गेलं. गाढव थांबलं तेव्हा सगळी माणसं माझ्याकडं आ वासून बघत होती. एका बाईनं लेकराचे डोळे झाकले.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, जिंकलो! छाती काढून घरी आलो आणि भाकरी जास्तीची खाल्ली.

पुढचं मला नंतर कळलं. बाजार उठला आणि बातमी बैलगाड्यांत बसून निघाली. औंढ्यापर्यंत ते शेपटीचं मूळच होतं. हिंगोलीला त्याला बोटभर कोंब फुटला. सेनगावात पोचेपर्यंत चांगली वीतभर शेपटी झाली होती, तिला केस आले होते, आणि मी ती धोतरात खोचून शाळेत जातो हेही पक्कं झालं होतं.

एका सकाळी दारात दोन बैलांची दमणी उभी. आतून सखाराम पाटील उतरले आणि मागोमाग त्यांची थोरली बहीण, आत्याबाई. ना निरोप, ना सांगावा. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, धावत बाहेर आले. पाटलांचं तोंड उतरलेलं. आत्याबाई माझ्याकडं पुढून बघतच नव्हत्या. सारख्या मागं जाऊन राहिल्या होत्या!

"बसा, जावईबापू," पाटील हळूच म्हणाले. "सावकाश. तकलीफ होत न्हाई ना बसताना?"

मला वाटलं, शाळेत उभं राहून पाय दुखतात त्याबद्दल विचारत असतील. "होत न्हाई, मामा. सवय झाली."

दोघा बहीणभावांनी एकमेकांकडं बघितलं.

"बाजारात तुमी जे बोललात… ते तुमच्याकडं… खरंच हाय?"

माझी छाती फुगली. सासरा माझ्या ज्ञानाची चौकशी करायला इतक्या लांबून आला! "हाय तर! भरपूर हाय!"

"जन्मापासून?"

"जन्मापासून कुठलं? औरंगाबादेला गेल्यावर आलं."

"तिथल्या पाण्यानं?"

"तिथल्या मास्तरांमुळं."

"अगं माय!" आत्याबाई म्हणाल्या.

"आन् वाढून राहिलंय का?"

"रोज वाढतंय! वाढायचं थांबलं की माणूस संपला, मामा."

"तुमच्या दादांना?"

"दादांना कुठलं? घराण्यात मीच पहिला." दादांनी ओशाळून मान हलवली. ते बिचारे फक्त मोडी शिकलेले.

"लेकराबाळांना येईल?"

"येणारच! मी देणार! पोरींनासुद्धा!"

आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पाटलांच्या कपाळावर घाम. "आमच्या सरूला?"

"लग्न झालं की सगळ्यात आधी तिला!"

"निदान… झाकून तरी ठेवत जा, बापू."

"झाकायचं काहून? वर्गात पोरांपुढं रोज काढतो!"

एवढं झालं आणि आत्याबाई कडाडल्या, "सख्या! ऊठ! शेपटीवाल्याच्या घरी पोरगी देतोस?"

शेपटी?

माझ्या पायाखालची जमीन गेली. दादांची पानाची चंची खाली पडली. ते माझ्याकडं असे बघत होते, जसं मी आताच छपरावरून उतरलोय. "अरे, लहानपणी मी सोता तुला न्हाऊ घातलं," ते पुटपुटले. "तवा तर नव्हती!"

"न्हाईच हो, दादा! ते निस्तं हाड हाय!"

"हाड तर हाड," आत्याबाई म्हणाल्या. "सख्या, गोठ्यात ने आन् बघ!"

काय करता? लग्नाचा प्रश्न होता. गेलो गोठ्यात. म्हैस माझ्याकडं बघत होती. पाटलांनी डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं आणि धोतरावरून बोट लावलं.

"हाय!" त्यांनी अशी बोंब ठोकली की म्हशीनं दावं तोडलं. "ताई, हाय! टणक हाय!"

"मामा," मी हात जोडून म्हणलं, "तुमच्या पाया पडतो, आता तेच बोट सोताला लावून बघा."

पाटलांनी लावलं. थोडं चाचपलं. मग त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"ताईऽऽ! मलाबी हाय!"

"मेले गं बाई!" बाहेरून आवाज आला. "आपल्या घराण्यात? कवापासून?"

आम्ही बाहेर धावलो. अंगणात दादांचा हात आधीच पाठीमागं गेलेला. दमणीवाला बैलांना सोडून स्वतःला चाचपत होता. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. त्या काय करत होत्या ते मी बघितलं नाही आणि विचारण्याची आजवर हिंमत झाली नाही. कल्ला ऐकून बुवा आणि चाचा आले, आणि दारातच थिजले.

"या खुदा! ही कसली कवायत?" चाचा म्हणाले.

"माकडहाड हो, माकडहाड!" मी रडकुंडीला येऊन ओरडलो. "सगळ्यांनाच असतंय! तेच मी सांगत होतो!"

"मेल्या," आत्याबाई गरकन वळल्या, "मग माकडहाड म्हणायचं होतंस! शेपटी काहून म्हणलास?"

बुवांनी आणि चाचांनीही एकमेकांकडं पाठ करून खात्री करून घेतली. मला वाटलं, आता तरी पटेल. सगळ्या गावानं हातानं पुरावा तपासला होता!

"हे व्हय?" चाचा म्हणाले. "हे तर मालिकनं बसायला दिलंय."

"बराबर," बुवा म्हणाले. "ब्रह्मदेवाची करामत!"

आणि दोघं गळ्यात हात घालून निघून गेले.

पाटील मात्र दमणीत चढताना म्हणाले, "घरी जाऊन पोरीच्या कानावर घालतो. ती म्हणंल ते खरं." माझी झोपच उडाली. पुढच्या बाजारी आत्याबाई स्वतः आल्या. मी पुढं झालो, पाया पडलो, आणि श्वास रोखून उभा राहिलो.

"लगीन ठरल्यापरमाणंच व्हईल," त्या म्हणाल्या. "सरू म्हणली, माकडहाड काय, समद्यांनाच असतंय. त्याचं मला भ्या न्हाई."

मी असा खुलून गेलो! म्हणलं, बघा, सगळ्या जिल्ह्यात एकटी तीच शहाणी निघाली! "अजून काय म्हणली, आत्याबाई?"

"म्हणली, पर त्यांच्या जिभेला हाड न्हाई, त्याचं लग्नाआधी काई करता येतंय का बघा."