विष उतरेपर्यंत

मण्यार चावली की दुखत नाही, हीच तिची खोड. विंचू चावला तर माणूस गाव डोक्यावर घेतो. आमच्या ह्यांना मण्यार चावली ती त्यांना कळलीसुद्धा नाही. श्रावणात वांग्याच्या वावरात राखणीला झोपले होते, सकाळी घरी आले ते पोट धरून. पापण्या आपोआप मिटत होत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून ओरडले की कोणाच्या संगतीनं पिऊन आला बे. मी चहा दिला तर घोट नाकातून बाहेर आला. बोलायला गेले तर आवाज गेंगाणा. मग दिरांनी पाय धुऊन पाहिला, तेव्हा अंगठ्याजवळ दोन बारीक टोचे दिसले.

जळगाव जामोदमध्ये कापसाच्या एका जिनवाल्या शेटजींची जीप उभी होती, त्यांनी ती दिली म्हणून खामगावपर्यंत जिवंत पोचलो. तिथल्या दवाखान्यात एक तरणे डॉक्टर होते, नागपूरहून शिकून आलेले. त्यांनी ह्यांच्या घशात रबरी नळी घातली आणि तिला काळा रबरी फुगा जोडला. फुगा दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली जायची. हे काम करणारं मशीन मोठ्या शहरांत असतं म्हणे. आमच्याकडे मशीन म्हणजे आम्हीच.

डॉक्टरांनी आम्हाला समोर उभं करून समजावलं. ही मण्यार हृदयाला काही करत नाही. छातीला झोपवते, मग श्वास थांबतो, आणि श्वास थांबला की हृदयही थांबतं. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसरा तरी किती ओढेल? आपण बाहेरून श्वास देत राहिलो तर हृदय तग धरेल आणि तेवढ्यात विष उतरेल. त्यांचा स्वतःचा अभ्यासच यावर चालला होता. आम्ही फुगा दाबत असताना ते नाडीवर बोट ठेवून उभे असायचे, नखांचा रंग बघायचे, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचे. आता जरा सावकाश, आता जरा जोरात, असं सांगायचे आणि हृदयावर काय परिणाम होतो ते लिहून घ्यायचे. तहान-भूक विसरलेला माणूस. पण भेटायला आलेली आमच्या गावची मंडळी काय म्हणाली? डॉक्टर मुडद्यावर शिकून राह्यला. माणसाची जीभ, तिला हाड असतं थोडंच!

खरं सांगायचं तर दिसत तसंच होतं. डोळे मिटलेले, हातपाय लुळे, चिमटा काढला तरी हूं नाही की चूं नाही. दिरांचे हात लवकर भरून यायचे, म्हणून फुगा जास्त वेळ माझ्याच हातात असायचा. वांग्याच्या पाट्या वाहून माझे हात दणकट झालेले. दाबत राहिले.

एकदा डॉक्टर मला म्हणाले, "बाई, यांच्याशी बोला. मला वाटतं, यांना ऐकू येत असावं."

वाटतं, म्हणाले. खात्री त्यांनाही नव्हती. असा माणूस उठून बसला असता तर त्यानं सांगितलं असतं, पण तोवर त्यांच्याकडचं कोणी उठलंच नव्हतं.

आणि मी बोलू कशी? समोर बाकावर मामंजी बसलेले. आमच्या घरात सासऱ्यांदेखत बायको नवऱ्याशी बोलत नसे. चहा घ्या म्हणायचं तरी ते नणंदेच्या तोंडून जायचं. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते वावरात, वांगी तोडताना. तिथे माझी टकळी थांबायची नाही. हे म्हणायचे, घरात मुकी अन् वावरात रेडिओ! तर तो रेडिओ दोन दिवस त्यांच्या उशाशी बंद बसून होता. ओठापर्यंत शब्द यायचे. पदर पुढे ओढायचे आणि गिळून टाकायचे. आग लागो त्या रीतीला.

बाकीच्यांना मात्र कसलीच आडकाठी नव्हती. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गेल्या माणसासारखं नाव घेऊन रडत होत्या. गावच्या बाया येऊन त्यांच्या गळ्यात पडत होत्या. पुरुष मंडळी खाटेला टेकून बोलत होती की श्रावणाची झड लागली आहे, सरणाला सुकी लाकडं कुठून आणायची. मी फुगा दाबता दाबता हे ऐकत होते. वाटायचं, एकेकाच्या तोंडात बोळा कोंबावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजींनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, असे आतापावतर किती जगले तुमच्या हातानं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "इथं अजून कोणी नाही. पण जगतात हो, मी सांगतो."

देवा, एक खोटं बोलायला काय झालं होतं? दोन जगले, चार जगले, काहीही सांगायचं! खरं बोलले आणि तिथेच सगळं बुडालं. मामंजी बाकावरून उठले. मग म्हणाले, "सापाची केस हाय. इथं जीव गेला तर पोलीस येईन, पंचनामा होईन, माह्या पोराले फाडतीन. जित्ता हाय म्हणता ना? मंग जित्ताच घरी नेतो."

मामंजी दुष्ट नव्हते. पोराचं अंग अख्खं राहावं, आपल्या दारातून निघावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. डॉक्टर हात जोडून आडवे उभे राहिले. एक दिवस द्या, फक्त उद्याचा दिवस द्या म्हणाले. मामंजींनी ऐकलं नाही. शेवटी डॉक्टरांनी तो फुगा माझ्याच हातात दिला आणि सांगितलं की रस्त्यात थांबू नका, आणि घरच्यांचं मन बदललं तर तशाच परत या. त्यांचे डोळे भरले होते.

जीपमध्ये मी मागे, ह्यांचं डोकं मांडीवर. मामंजी पुढे, गाडी चालवणाऱ्या दिरांजवळ. आत्याबाई माझ्यासमोर. नांदुरा गेलं, पूर्णेचा पूल गेला. पुढे रस्त्याची चाळण झाली होती. एका गचक्यात घशातली नळी सुटली. मी तशीच तोंडाशी धरून दाबत राहिले, पण छाती वर येईना. ओठ काळेनिळे पडायला लागले. दिरांनी जीप थांबवली. पण थांबवून करणार काय? नळी घालणारा माणूस खामगावात. मी छातीवर हात ठेवला. श्वास नव्हता आणि हृदय चालत होतं. एकटंच चालत होतं बिचारं, मग अडखळायला लागलं, मग माझ्या हाताखाली थांबलं. जीपमध्ये बसूनच आत्याबाईंनी माझं कुंकू पुसलं.

तेराव्यानंतर भाऊ मला माहेरी न्यायला आला. मी म्हटलं, आधी खामगावला चल, डॉक्टरांचा फुगा द्यायचा आहे. विधवा बाईनं एवढ्यात घराबाहेर पडू नये, असं सगळे म्हणाले. मी कोणाचं ऐकलं नाही.

दवाखान्यात त्याच खाटेवर एक माणूस उशीला टेकून बसला होता आणि बशीतून चहा पीत होता. उंद्रीचा शेतकरी. त्यालाही मण्यारच चावली होती. दवाखान्यातल्या दुसऱ्या फुग्यावर त्याला तगवला होता; त्याच्या घरच्यांनी त्याला हलवला नव्हता. डॉक्टरांनी मला पाहिलं. मी फुगा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि नुसते उभे राहिले.

मीच त्या माणसाजवळ गेले. विचारलं, "भाऊ, तुम्ही तसे पडले होते तवा तुम्हाले काही समजे का?"

"सगळं समजे, ताई," तो म्हणाला. "पापणी उचलत नव्हती फक्त. माह्या बापानं डॉक्टरले काय म्हटलं तेही सांगतो. भेव लय वाटे. पण हे माही बायको म्हशीचं सांगे, पोराईचं सांगे, सारखी बोलत राहे. हिचा आवाज आला का वाटे, आपल्याले कोणी सोडलं नाही."

त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती लाजली आणि तिनं मान खाली घातली. पाठीमागे डॉक्टर काहीतरी लिहायला लागले होते. लिहिता लिहिता थांबले. त्यांनाही ते कोणी पहिल्यांदाच सांगत असावं.

मी बाहेर नळाशी जाऊन बसले. भावाला वाटलं चक्कर आली.

म्हणजे ह्यांनीही सगळं ऐकलं. आईचं रडणं ऐकलं, सुकी लाकडं कुठं मिळतील ते ऐकलं, पोराले फाडतीन हेही ऐकलं. त्या दोन दिवसांत माझा एक शब्द त्यांच्या कानी पडला नाही. फुगा कोणाच्या हातात आहे, हे मिटल्या डोळ्यांच्या माणसाला कसं कळावं? सगळं गाव आलं होतं उशाशी. आपली बायको तेवढी आली नाही, असंच समजून गेले ते.