चर्चचे चाळीस जोड

मिसेस पेटिफर्ड यांना 'ऑरेलिया' म्हणायची मुभा एकट्या त्यांच्या नवऱ्याला होती, आणि तो बिचारा कधीच वारला होता. डेट्रॉइटच्या बाराव्या रस्त्यावर, आम्हा काळ्यांच्या वस्तीत, त्यांचं कुरळे केस सरळ बसवून द्यायचं दुकान होतं. तिथली दुसरी खुर्ची माझी. गिऱ्हाइकाच्या कानाला तापलेला कंगवा नुसता लागला, तरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

शेजारी ग्रोबेल नावाचा गोरा जोडे दुरुस्त करायचा. टाचा बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गोऱ्या बायका त्याच्या तोंडी 'मिसेस अमुक', आणि आमच्या बाई अकरा वर्षं नुसत्या 'ऑरेलिया'. बाई दर खेपेला "मिसेस पेटिफर्ड" म्हणून दुरुस्ती करायच्या. तो मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा "घे, ऑरेलिया." एकदा मी म्हटलं, सोडून द्या की. तर म्हणाल्या, "माझ्या आईला सत्तराव्या वर्षीही गोऱ्यांची पोरंटोरं नावानं हाक मारायची." विषय संपला.

सदुसष्टच्या जुलैत पोलिसांच्या जाचाला कंटाळून शहर पेटलं. मीही चिडलेलीच होते. काळ्या दुकानदारांनी काचांवर 'सोल ब्रदर' लिहिलं, म्हणजे दुकान आपल्या माणसाचं, हात लावू नका. बाईंनीही बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं ते लिहून टाकलं. ग्रोबेलनं कधीच घराकडे धूम ठोकली होती.

बाई त्याच्या काचेसमोर रेंगाळल्या. येत्या रविवारी चर्चमध्ये बायकांचा दिवस होता, सगळ्या जणी पांढऱ्यात. आमचे चाळीस पांढरे जोड टाचांसाठी त्याच्याचकडे पडले होते.

"जळू दे मेल्याचं," मी म्हणाले.

बाईंनी उरलेल्या पॉलिशनं त्याच्या काचेवर लिहिलं: 'तुझ्या आईचे चर्चचे जोडे आत आहेत.'

दुपारी घोळका आला. पुढच्या दांडगटानं काच वाचली, हातातली वीट हळूच खाली ठेवली आणि घोळका पुढे गेला. आईची भीती पोलिसांपेक्षा मोठी होती.

शनिवारी ग्रोबेल परतला, काचेवरचं वाचून आत गेला. बायकांची ही रांग लागली. त्यानं बाईंचा जोड पुढे केला आणि पुटपुटला, "घ्या, मिसेस पेटिफर्ड."

बाई हात पुढे करीनात. "जरा मोठ्यानं म्हणा. रांग दारापर्यंत आहे."

तो लाल झाला, पण मोठ्यानं म्हणाला. मागची प्रत्येक जण मग आपलं आडनाव सांगून थांबायला लागली.

माझी पाळी आली. "मिसेस डॅन्सबी," मी सांगितलं, आणि मीही थांबले.