राकेलचा डबा आणि खाप्याची बरणी

भुसावळ यायच्या आतच माझ्या ध्यानात आलं की मी घरून चुकीचा डबा उचलून आणला आहे. समोरचे गृहस्थ विडी पेटवता पेटवता थांबले, माझ्या पायांशी पाहिलं आणि काडीपेटी खिशात ठेवून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. मी झाकण उघडून नाक आत घातलं. राकेल.

बायकोने, म्हणजे कमलने, शिकेकाईने घासून तीन दिवस उन्हात वाळवलेला डबा फळीवर होता. टांगेवाला घाई करत होता, म्हणून मी फळीखालचा उचलला. डोक्याचं तेल कोनाड्यात, दिव्याचं देवाजवळ, एरंडेल कपाटात, हे सगळं तिला पाठ. मला फक्त ताटात पडलेलं तेल ओळखू येतं.

कमल नागपूरजवळच्या खाप्याची. आईवडील गेले, पाठीवर भाऊ नाही, त्यामुळे सोळा वर्षांत तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं. नागपूर नुकतंच आपल्या राज्यात आलं होतं आणि कचेरीने मला कागदपत्रं घेऊन तिकडे धाडलं, तेव्हा तिने लग्नानंतर पहिल्यांदा काही मागितलं: खाप्याच्या घाण्याचं जवसाचं तेल. पुण्यात कुठलंही तेल आणा, ती वास घ्यायची आणि "असू दे" म्हणायची. हे "असू दे" मी सोळा वर्षं ऐकत होतो.

नागपुरात उतरलो आणि पुणेरी पोटाची परीक्षा सुरू झाली. खाणावळीत वाटीभर लाल तर्री (रश्श्यावरचा तेलाचा तवंग) पुढ्यात आली. मी ती चमच्याने बाजूला सारू लागलो, तर वाढपी म्हणाला, "काहून जी, असली चीज काढून राहिले?" लाजेखातर प्यालो. कानांतून वाफा निघाल्या, पण दुसरी वाटीही मीच मागितली.

कचेरीचं काम आटोपलं आणि परतीच्या दिवशी पहाटेच खाप्याची मोटार धरली. दुतर्फा जवसाची शेतं निळ्या फुलांनी भरलेली. मी शेजाऱ्याला प्रत्येक शेत दाखवत होतो. तो खाप्याचाच होता. बिचारा दर वेळी मान हलवत होता. गावात शिरताच हातमागांची खटखट आणि तिच्यावर ताण करणारी घाण्याची करकर ऐकू आली.

घाण्यावर म्हातारे महादेवराव झापड बांधलेल्या बैलामागे फिरत होते आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई जवस पाखडत होत्या. मी ऐटीत डबा पुढे केला. "तेल हवं होतं. जवसाचं."

"जवस कुठं आहे तुमचं?" गोदाबाईंनी विचारलं.

मी गोंधळलो. तेव्हा कळलं की इथे तेल विकत नाहीत. ज्याचं बी त्याने आणायचं, घाण्यात घालायचं, आणि तेल आणि ढेप (पेंड) घेऊन घरी जायचं. मी साडेपाचशे मैलांवरून आणला होता तो नुसता रिकामा डबा. तोही त्यांनी हुंगला.

"अवो, याच्यात त मातीचं तेल होतं. कोनाले चारता हे?"

"बायकोला," मी म्हणालो. "कमलला. इथलीच ती, मास्तरांची."

गोदाबाईंचं सूप थांबलं. "मास्तराची कमळी? मंग तुमी त गावचे जवाई. हे पहिले सांगाव न जी." त्यांनी आपल्या घरच्या कणगीतलं जवस उखळात ओतलं आणि माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "लाटेवर वजन कमी पडून राहिलं. बसा. पोटाचा काही उपेग होऊ द्या."

मग तुमचा हा कारकून, कोट घातलेला, घाण्याच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, बसून खाप्याला प्रदक्षिणा घालू लागला. घर, बैल, चिंच, गोदाबाई, पुन्हा घर. महादेवराव मधूनमधून पाण्याचा शिपका देत होते. दारात बाया जमल्या होत्या. उतरलो तेव्हा पृथ्वी फिरतच होती, पण खालच्या भांड्यात सोनेरी तेल साचलं होतं आणि त्याचा वास घेताच मला पहिल्यांदा समजलं की कमल काय शोधत होती.

डबा ढेपेने घासला, राखेने घासला. राकेल हटेना. मोटार सुटायची वेळ झाली. शेवटी गोदाबाईंनी आतून चिनी मातीची बरणी आणली. झाकणाऐवजी फडक्याचा बोळा.

"झाकन तुमच्या बायकोनंच फोडलं होतं, सात वरसाची होती तवा. बरनी वापस पायजे मले. पन तुमच्या हाती नोको. तुमी भलतीच आनसान. तिलेच धाडा."

पुण्यापर्यंत बरणी मांडीवर होती. धोतर गेलं कामातून, पण बरणी पोचली.

कमलने बोळा काढला, वास घेतला, आणि झाकण नसलेल्या कडेवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. मी गोदाबाईंचा निरोप सांगितला. जेवताना, एरवी पळीने थेंब मोजणारी ही बाई, माझ्या चटणीवर धार धरून उभी राहिली. चटणी बुडाली तरी धार थांबेना.

"अगं, पुरे," मी म्हणालो.

"खा मुकाट्याने," ती म्हणाली. "बरणी लवकर रिकामी व्हायला हवी."