एकतीस आणि एक

आमचे हे वेबसाइट बनवतात. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून मान मोडून घेतात आणि घरी येऊन "चहा आहे का?" एवढंच विचारतात. लोकांना वाटतं, केवढं डोकं लागत असेल! हे म्हणतात, "कसलं डोकं? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आणि एक टक्क्याचं चिन्ह. पण त्याने टक्के नाही निघत, भागून उरलेली बाकी मिळते."

मेल्या त्या बाकीनेच आमचा घात केला.

माझ्या सासऱ्यांची स्मरणशक्ती गेली. पोटच्या मुलांनाही ओळखेनात. दिवसा त्यांच्या घरी नर्स असते; संध्याकाळी तिघा मुलांपैकी एकाने कामावरून थेट तिकडे जायचं, सकाळपर्यंत थांबायचं. पण आज कोण जाणार, यावरून रोज फोनवर जुंपायची. शेवटी यांनी मोबाइलवर उघडेल असं एक पान बनवलं. तारखेला तीनने भागायचं. बाकी शून्य आली तर थोरल्या भाऊजींची पाळी, एक आली तर यांची, दोन आली तर धाकट्याची. भांडणं मिटली.

सुटलो बाई, म्हणेपर्यंत यांचं हे असं व्हायला लागलं. आज दोन तारीख. लागोपाठ दोन रात्री तिकडे काढल्या, तसेच ऑफिसला गेले आणि आता जेवताना घास हातात धरून चक्क डुलकी! माझं डोकं सणकलं. खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि बोटांवर मोजत भागाकार करत बसले. काल-परवाचंच बघा. एकतीसला बाकी एक. लगेच दुसऱ्या दिवशी तारीख एक, बाकीही एक!

"अहो, जगाच्या वेबसाइट दुरुस्त करता, आणि स्वतःच्या गळ्यात धोंड बांधून घेतलीत? आत्ताच्या आत्ता बदला ते. नाहीतर मी भाऊजींना फोन लावते."

"मला पहिल्याच खेपेला कळलं होतं," हे म्हणाले.

"मग?"

"राहू दे गं."

"राहू दे काय राहू दे! आडवे पडलात म्हणजे? आरशात तोंड बघितलंत का कधी?"

यांनी घास ताटात ठेवला. डोळे चोळले.

"एरवी गेलो की बाबा विचारतात, 'कोण तुम्ही?' सकाळपर्यंत विचारत राहतात. पण लागोपाठ दुसऱ्या दिवशी गेलो ना, की दारातच म्हणतात, 'आलास?'" मग म्हणाले, "नाव नाही आठवत त्यांना. पण 'आलास' म्हणतात."

कप्पाळ माझं! आमटी निवली होती, ती गरम करून आणली. हे जेवून तसेच झोपले.

कॅलेंडर परत खिळ्याला अडकवताना हा महिना किती दिवसांचा ते पाहिलं. तीसचाच होता, आणि मला रडूच आलं.