शनिवारचं उघडं दार

आम्ही शिरूरचे ख्रिस्ती, आणि आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर खायची, आणि आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आमच्या आळीत भांडणं मिटवायची धांदल असते. नियम जुना आहे. कुणाशी बिनसलं असेल तर प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही, आधी मिटवून यायचं. ज्यानं दुखावलं त्यानं उठून जायचं. ज्याला दुखावलं त्यानं दार उघडं ठेवायचं. आणि निरोप धाडायचा नाही, स्वतः जायचं.

लहानपणी मला आणि माझ्या धाकट्या भावाला याची भारी गंमत वाटायची. शनिवारी कोण तोंड पाडून कुणाच्या दारात उभं आहे हे बघायला आम्ही खिडकीला नाक लावून बसायचो. एकदा खुद्द आईचं पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, बायकोशी वाजलं. नाताळच्या मटणात आईनं मीठ जास्त घातलं असं ती चारचौघींत म्हणाली होती. मीठ खरंच जास्त होतं, पण ते आईसमोर बोलायची आमची छाती नव्हती. पाळकीणबाईंनी आधी कुणाबरोबर तरी निरोप पाठवला, की मनावर घेऊ नका. पाळकांना ते कळलं तेव्हा ते बायकोला म्हणाले, निरोप चालत नाही, चपला घाल. ती भर उन्हात आली, दार उघडंच होतं, दोघी रडल्या, चहा प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारीशेजारी बसून भाकर खाल्ली.

ती भाकर आईच करायची. नावाला भाकर, खरं तर गव्हाची जाडसर पोळी, आणि तिचे सुरीनं पाडलेले लहान चौकोनी तुकडे. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. दिवसभर ढीगभर पोळ्या लाटून आलेली बाई शनिवारी पुन्हा परात पुढे ओढायची आणि वर बघून म्हणायची, ही एक त्याच्यासाठी. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ती ते मिरवायची. भाकरीचं ताट घेऊन देवळात शिरताना तिची मान जरा जास्तच ताठ असायची.

भाऊ गेला तो हिवाळ्यात, उसाच्या दिवसांत. तो रांजणगावच्या कंपनीत होता. मी लग्नानंतर दौंडला, नवरा रेल्वेत. आईनं माझ्यासाठी घातलेलं लोणचं घेऊन तो मोटारसायकलवरून माझ्याकडे निघाला होता. पारगावच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, मागे दिवा नाही, काही नाही. नुकतं अंधारलं होतं. तो तिच्यावर जाऊन आदळला आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला पडून राहिला. शेवटी फुलांच्या एका टेम्पोवाल्यानं त्याला उचलून दवाखान्यात आणलं. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्याच्या स्वेटरला शेवंतीच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि मी त्या एकेक करून काढत बसले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

आई फार रडली नाही. पुढच्या पहिल्या रविवारची भाकर तिनं नेहमीसारखीच केली, ताट देवळात नेलं आणि बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी बसली. ताट फिरत आलं. मी तुकडा घेतला. आईनं ताट हातात धरलं, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि न घेताच पुढच्या बाईकडे दिलं. सगळ्या बायका बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर मला आईचा रागच आला.

घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलंस म्हणून.

"माझं बिनसलंय," ती म्हणाली.

"कुणाशी?"

तिनं नुसती मान वर केली.

पाळक घरी आले. मधे बदलीवर जाऊन पुन्हा आमच्याकडेच आलेले, तेच जुने पाळक. माणूस मऊ. त्यांनी समजावलं, की बाई, देवाला आपले नियम लागू होत नाहीत, तो मालक, आपण चाकर.

"मग नियम त्यानं कशाला सांगितलं?" आई म्हणाली. "मी पोरांना सांगितलं खोटं बोलू नगा, तवा मलाबी खरंच बोलावं लागायचं. आईला लागतं ते बापाला लागत न्हाई व्हय? रस्त्यात पडलेल्याला सोडून जाऊ न्हाई म्हणून तुम्हीच शिकवता नव्हं पोरांना? त्याला दिसत व्हतं माझं पोर. हात लावला असता तर उठलं असतं."

"त्याच्या मनात काय असतं ते आपल्याला कळत नाही, बाई."

"नसू द्या कळत. पाळकीणबाईंच्या मनात काय व्हतं ते मला कुठं कळलं व्हतं? पर त्या आल्या. त्यानं यावं आन् सांगावं."

पाळक प्रार्थना करून उठले. देवळाच्या पंचांपैकी कुणीतरी कुरकूर केली, की जी खात नाही तिनं भाकर करूही नये. पाळकांनी ते मोडून काढलं. आई म्हणाली, भांडण त्याच्याशी हाय, मंडळीशी न्हाई. ती करत राहिली आणि खाल्ली नाही ती नाहीच.

पण दर महिन्याच्या त्या शनिवारी ती दार उघडं ठेवायला लागली. थंडी असो, धूळ असो, कुत्री आत शिरोत. पोळी लाटून, तुकडे पाडून, फडकं झाकून झालं की दाराकडे तोंड करून भिंतीला टेकून बसायची. एकदा मी मुक्कामाला होते आणि दार ओढून घ्यायला गेले, तर म्हणाली, "राहू दे. शनिवार हाय." तेव्हा मला कळलं की ती रुसलेली नाही, ती वाट बघतेय. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. ज्याच्यावर एवढा राग, त्याच्यावाचून ती किती एकटी पडली होती हे मला त्या दिवशी दिसलं. तिला ती भाकर हवी होती. पोर गेलं ते गेलं, पण निदान देव तरी तिला परत हवा होता.

अशाच एका शनिवारी पायरीवर पावलं वाजली. मी तिथंच होते. आई चटकन उठून उभी राहिली, पदर सारखा केला. दारात तोच फुलांचा टेम्पोवाला होता, राहू गावचा, मुसलमान, पन्नाशीचा असेल. टोपी काढून हातात धरलेली.

"मावशी, येऊ का?"

त्याला आत बसवलं. तो बसला, पण पाणी घेईना. म्हणाला, आधी ऐकून घ्या.

"तुमचा मुलगा पडलेला मला दिसला व्हता. मी थांबलो न्हाई. गाडीत माल व्हता, पोलिसांचं झेंगट नगं वाटलं. पूल ओलांडून पार पलीकडं गेलो. मग मन खाया लागलं आन् गाडी वळवली. तेवढ्या वेळात काय झालं असतं आन् काय न्हाई, मला ठाव न्हाई. कुणाला बोललो न्हाई, पर झोप लागत न्हाई. म्हणून आलो."

आमच्या शनिवारचं त्याला काही ठाऊक नव्हतं.  मला वाटलं, आता आई त्याला हाकलून देणार, आणि द्यावंच, असंही वाटलं. पण ती चुलीकडे गेली, चहा ठेवला आणि कप त्याच्या हातात देऊन म्हणाली, "वळलास नव्हं. लई केलंस." तो कप हातात धरून लहान पोरासारखा रडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

ही गोष्ट पाळकांच्या कानावर गेली आणि ते लगबगीनं आले. त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, बाई, कळत नाही का तुम्हाला, देवानंच पाठवलं त्याला.

आई म्हणाली, "निरोप धाडायचा न्हाई असं तुम्हीच सांगता ना, पाळकसाहेब?"

"येशू होऊन तो स्वतः आला होता, बाई. वधस्तंभावर गेला आपल्यासाठी."

"गेला. मला मान्य हाय. पर ते समद्यांसाठी. माझ्या घरी कुठं आला? हा फुलवाला आला. त्याचं चुकलं तर तो राहूवरनं आला."

 जाताना दार पाळकांनीच उघडं ठेवलं.

आईचं दुखणं निघालं तेव्हा मी तिला दौंडला आणलं. पोटाचं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिच्यानं पोळी लाटवेना, तेव्हा ती पलंगावरून मला शिकवायची, कणीक घट्ट ठेव, कडा जाड सोडू नगस. महिन्याचा तो शनिवार आला की आमच्या क्वार्टरचं दार उघडं. शेजारी विचारायचे, मी काहीतरी थाप मारायची.

शेवटच्या शनिवारी पाळक शिरूरहून मुद्दाम आले. मी लाटलेल्या पोळीचा एक तुकडा त्यांनी बशीत घेतला, प्रार्थना केली आणि बशी आईपुढे धरली. मी मनातल्या मनात आईच्या हातापाया पडत होते. घे ना ग, एवढा एक तुकडा घे, असं उपाशी जाऊ नकोस.

आईनं बशीला हात लावला, अगदी मायेनं.

"ठिवा उशाशी," ती म्हणाली. "तो आला की संगंच खाऊ."

पाळकांनी बशी उशाशी ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्या रात्री नवऱ्यानं दाराशी खुर्ची टाकली आणि तिथंच बसून राहिला, दार लावूया असं एकदाही म्हणाला नाही.

सकाळी आई गेलेली होती. मी आधी तिच्याकडे बघितलं नाही, बशीकडे बघितलं. तुकडा होता तसाच होता, कडेला जरा वाळलेला.

मातीला आलेल्या बायका माझी समजूत घालत होत्या, की रडू नकोस, तो स्वतः आला आणि तिला घेऊन गेला. असेलही. दार उघडंच होतं. पण आला होता तर त्यानं तिच्याजवळ दोन मिनिटं बसायला हवं होतं, आणि तो तुकडा तिच्याबरोबर खायला हवा होता.