दोन मिनिटं दहा सेकंद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. याआधीचे तीन कागद मी फाडले. तिन्हींवर केळीबागेचं वर्णन होतं आणि मुद्द्याच्या अलीकडेच मी थांबलो होतो.

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. मला पहिल्यापासून आकड्यांची सवय. कोणत्या ओळीतले किती घड उतरले, वाऱ्यानं किती खोडं पडली, पाणी किती तास दिलं — सगळं वहीत असतं. गावात काही मोजायचं निघालं की लोक म्हणतात, भाऊंना विचारा, भाऊंचा आकडा चुकत नाही. ही स्तुती मला आवडते. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा वाटा आहे.

त्याच सवयीमुळे गावच्या आरोग्य समितीचं रजिस्टर माझ्याकडे आलं. लसीकरण असो, डेंग्यू असो, तपासणीचं शिबिर असो, माहिती किती घरांपर्यंत गेली ते त्यात लिहायचं. एका रकान्यात गावातली एकूण कुटुंबं, दुसऱ्यात माहिती पोहोचलेली कुटुंबं. एकूण कुटुंबांचा आकडा ग्रामपंचायतीच्या घर क्रमांकांवरून घ्यायचा. तो चारशे बारा होता.

माझ्या मळ्यात सात झोपड्या आहेत. सातपुड्यातली पावरा कुटुंबं दिवाळीनंतर येतात, केळी कापतात, पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीला परत जातात. झोपड्यांना घर क्रमांक नाही. म्हणून त्या चारशे बारात नाहीत. यात कुणी काही लपवलेलं नव्हतं, सगळ्याच गावांत असं चालतं. वर्षातले सात-आठ महिने ही माणसं इथे असतात, इथलंच पाणी पितात, इथे आजारी पडतात — आणि मोजताना कुठेच नसतात. हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी आकड्यांचा माणूस आहे. काय सुटलंय ते मला आधी दिसतं.

आमच्या गावच्या आशा सेविका म्हणजे मंगलाताई. पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरतात. पाच वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, एका रविवारी त्या घरी आल्या. बुधवारी उपकेंद्रात सिकलसेलची तपासणी होणार होती. रक्ताचा हा आजार आईबापांकडून येतो, आणि सातपुड्यातल्या कुटुंबांत तो आढळतो. अंगात रक्त कमी, डोळे पिवळसर, सांधे ठणकतात. थंडीनं, गार पाण्यानं आणि अतिश्रमानं दुखणं उसळतं. गरोदर बाईला जास्त धोका. हे सगळं मराठी पत्रकात छापलेलं होतं. हाती पडलेला कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तोही वाचला.

मंगलाताईंनी माझ्या मोबाइलवर एक ध्वनिफीत पाठवली. पावरी बोलीतली. दोन मिनिटं दहा सेकंद.

"भाऊ, तुमच्या मयातल्या मानसायले एवढी ऐकवा," त्या म्हणाल्या. "मी मराठीत कितीबी बोलली तरी ते नुसती मान हालवता. आपल्याले वाटतं, समजलं."

"यादीत नाहीत ते," मी म्हणालो.

"यादीत नसले म्हनून काय झालं? रक्त तर आहे ना अंगात?" त्या हसल्या. "तुमच्या वहीत तर केयीचं खोडबी सुटत नाई."

मी हो म्हणालो.

बुधवारी माझी कापणी होती. ट्रक ठरलेला होता. माल बाहेर पाठवायचा म्हणजे नुसते घड कापून भागत नाही — फण्या वेगळ्या करायच्या, पाण्याच्या हौदात धुवायच्या, पुसून खोक्यांत भरायच्या. संध्याकाळी पाचला ट्रक निघाला पाहिजे. सात झोपड्यांतली एकोणीस माणसं त्या दिवशी हवी होती. मी हिशोब केला. उपकेंद्र साडेतीन किलोमीटर. चालत जाणार, रांगेत बसणार, परत येणार — अर्धा दिवस. अर्ध्या दिवसात ट्रक भरत नाही.

हा हिशोब मला दोन मिनिटांत झाला. म्हणजे ती ध्वनिफीत ऐकवायला जेवढा वेळ लागला असता, साधारण तेवढ्यातच.

सोमवारी संध्याकाळी मी झोपड्यांकडे गेलो. मोबाइल खिशात होता. गुलसिंग चुलीपाशी बसला होता. सगळ्या मजुरांचा तो पुढारी, काही सांगायचं तर त्यालाच सांगायचं. मी त्याला म्हणालो, बुधवारी उजाडताच सुरुवात करायची, हौदात पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा. एवढंच बोललो आणि परत आलो. विसरलो नव्हतो. असं इथे लिहिता आलं असतं, आणि तुम्ही विश्वासही ठेवला असता. पण बोलत होतो तोवर माझा हात खिशात मोबाइलवरच होता.

मंगळवारी मंगलाताईंचा फोन आला. "भाऊ, ऐकवली ना?"

"ऐकवली."

एक शब्द. त्यासाठी मला जराही अडखळावं लागलं नाही.

बुधवारी गुलसिंगची बायको रमकी हौदावर होती. तिला पाचवा महिना होता. जानेवारीचं पाणी, सकाळी त्यात बोट घालवत नाही. दहाच्या सुमारास ती हौदाच्या कडेला गुडघे धरून बसली. मी खोकी मोजत होतो. विचारलं तर तिनं हात-पाय दाखवले, दुखतंय म्हणाली. तिनं वर पाहिलं तेव्हा डोळे पिवळसर दिसले. पत्रकातली ओळ मला शब्दन् शब्द आठवली. त्याच वेळी साडेतीन किलोमीटरवर माणसं सुई घेऊन बसली होती.

मी म्हणालो, "उन्हात बस थोडी. बरं वाटलं की ये."

ती बसली. अर्ध्या तासानं आली. पुन्हा पाण्यात हात घातले. ट्रक पाचला दहा मिनिटं असताना निघाला.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर भरलं. एकूण कुटुंबं चारशे बारा. माहिती पोहोचली चारशे बारा. शेकडा शंभर. आकडा बरोबर होता. कुणीही येऊन तपासला असता तरी बरोबरच निघाला असता.

आठ दिवसांनी रमकीला उठवेना. अंग ठणकत होतं, श्वास पुरत नव्हता. मी गाडी काढली. तिला मागच्या सीटवर आडवी केली, गुलसिंग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि जळगावचा मोठा दवाखाना गाठेपर्यंत मी कुठे थांबलो नाही. तिला रक्त चढवलं. तपासणीत सिकलसेल निघाला. ती वाचली. मूल राहिलं नाही.

वेळेवर तपासणी झाली असती तर मूल वाचलं असतं का? मी माझ्याकडून हा हिशोब पुष्कळदा मांडून पाहिला. उत्तर येत नाही. डॉक्टरला कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं धाडस नाही. पण मी जे सांगायला बसलोय ते हे नाही. हे एवढंच असतं तर कदाचित पूर्वीच बोललो असतो.

वॉर्डाबाहेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद भरताना विचारलं, "तुमच्याकडे तर नुकतीच तपासणी झाली ना? ही का नाही आली? सांगितलं नव्हतं का कुणी?"

गुलसिंग माझ्या शेजारी उभा होता. आमच्यात हातभराचं अंतर असेल.

मी म्हणालो, "सांगितलं होतं. आले नाहीत."

हेच ते. यासाठीच तीन कागद फाडले.

त्या बाईंनी मान हलवली. नवल वाटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. असं उत्तर त्यांनी बऱ्याचदा ऐकलं असावं, आणि ते देणारे सगळेच माझ्यासारखे होते की खरं बोलणारे होते, मला माहीत नाही. गुलसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणेल — कधी सांगितलं? पण तो थोडा वेळ आठवत राहिला. खरोखर आठवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सांगितलं असेल. मला समजलं नसेल."

माझा खोटेपणा त्यानं स्वतःच्या नावावर घेतला. आणि मी त्याला तो घेऊ दिला.

त्यानंतर बाहेरच्या ओट्यावर बसून मी ती ध्वनिफीत पहिल्यांदा लावली. कानाशी धरून. एका बाईचा आवाज होता, शांत, घरातल्या माणसाशी बोलावा तसा. मला त्यातलं काही कळलं नाही. एक 'पाणी' तेवढं ओळखू आलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मंगलाताई गुलसिंगला रागावल्या, "भाऊनं एवढं ऐकवलं, तरी तुमी आले नाई." तालुक्याच्या बैठकीत आमच्या गावाचं कौतुक झालं, प्रत्येक घरापर्यंत माहिती गेली म्हणून. त्याच बैठकीत कुणीसं असंही म्हणालं की स्थलांतरित मजुरांना सांगूनही ते प्रतिसाद देत नाहीत, आणि ते लिहून घेतलं गेलं. ते माझं वाक्य होतं. तिसऱ्या-चौथ्या तोंडून फिरून तिथे पोहोचलं होतं. मी मागच्या रांगेत मांडीवर रजिस्टर घेऊन बसलो होतो.

पुढच्या वर्षी आरोग्य खात्याची गाडीच मळ्यात आली आणि सातही झोपड्यांची तपासणी झाली. रमकीकडे आता कार्ड आहे, गोळ्या चालू आहेत. पण खुब्याचं हाड खराब झालंय, ती एका बाजूला झुकून चालते. हौदावर मी तिला लावत नाही. रजिस्टरला मी शेवटी एक पान जोडलं, घर क्रमांक नसलेल्यांचं. त्याबद्दल मंगलाताई माझं नाव घेतात. हे मी जमेला धरत नाही. तुम्हीही धरू नका.

दरवर्षी दिवाळीनंतर गुलसिंग डोंगरातून सीताफळांची टोपली आणतो. अंगणात ठेवतो आणि माझ्या बायकोला दरवर्षी तेच सांगतो, "भाऊनं गाडी काढली, नाहीतर ही गेली होती." तो तिला 'तू' म्हणतो, मलाही 'तू' म्हणतो, त्याच्या बोलण्यात तेच आहे. बायको ही गोष्ट माहेरी सांगते, व्याह्यांना सांगते. ऐकणारे माझ्याकडे आदरानं पाहतात. मी सीताफळ खातो आणि बिया बशीच्या कडेला लावून ठेवतो.

आता यंदाचं.

या वर्षी दोन नवी कुटुंबं आली. मंगलाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फोनवर म्हणाल्या, "भाऊ, मागं तुमीच ऐकवली होती ती, यंदाबी तुमीच ऐकवा. फिरून पाठवू का?" मी म्हणालो, नको, आहे माझ्याकडे.

मी गेलो. सगळ्यांना पारावर बसवतात तसं झोपड्यांपुढे बसवलं आणि मोबाइल मधे एका उलट्या खोक्यावर ठेवला. त्या बाईचा आवाज सुरू झाला. माणसं पुढे सरकली. इतक्या वर्षांत मी काही सांगताना ती कधी पुढे सरकलेली मला आठवत नाही. कुणी मान हलवत नव्हतं, ऐकत होते. एकीनं मधेच काही विचारलं, दुसरीनं तिला गप्प केलं. रमकी खोडाला टेकून, खुब्यावर हात ठेवून उभी होती. संपल्यावर तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं.

मग गुलसिंग म्हणाला, "भाऊ, हे सगळं समजतं."

"हो."

"तेव्हा हे नव्हतं का?"

त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर ध्वनिफितीच्या खाली ती आल्याची तारीख दिसत होती, पाच वर्षांपूर्वीची. त्याला वाचता येत नाही. मला येतं. सांगायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "तेव्हा नव्हतं."

"असतं तर गेलो असतो," तो म्हणाला. रमकीकडे पाहून त्यानं त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. बहुधा तेच. तिनं मान हलवली आणि झुकत झुकत झोपडीत गेली.

हे झाल्याला सहा दिवस झाले. रजिस्टर समोर आहे. त्या वर्षीच्या पानावर चारशे बारापैकी चारशे बारा आहे, खाली माझी सही. मी ते खोडलेलं नाही. खरा आकडा इथे लिहितो — चारशे एकोणीसपैकी चारशे बारा. राहिलेली सात घरं माझ्या मळ्यात होती, मी त्यांच्यासमोर उभा होतो, आणि माहिती माझ्या खिशात होती.

यंदाची टोपली ओसरीवर आहे. वरची दोन फळं आज पिकली.