फुलाखालचा चेहरा

श्रीवर्धनच्या बाजारात राहील लग्नाचे व्हिडिओ जुळवून देतो. मेंदीला बायका मोकळेपणाने नाचतात, पण ते परक्या पुरुषांनी पाहायचं नसतं. म्हणून त्याने स्वतः धडपडून लॅपटॉपवर एक प्लेअर बनवला. त्यात व्हिडिओ चालला की प्रत्येक चेहऱ्यावर गुलाब दिसायचा. घरोघरी लॅपटॉप नेऊन तो दाखवायचा. बायकांना वाटे, गुलाब मशीनच बसवतं. त्याने कधी खुलासा केला नाही.

शेजारच्या आफराच्या बहिणीची मेंदी राहीलच्या बहिणीने, इनशाने, मोबाइलवर टिपली. आफरा पहिल्यांदाच नाचली होती.

"राहीलभाई, माझ्यावर मोठा गुलाब हां. नाक लांब आहे माझं!"

फाइल त्याने कुवेतला तिच्या भावाला, फैझानला पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"अरे, खोलीतली सगळी पोरं टीव्हीसमोर बसली होती. कुठे आहेत तुझे गुलाब?"

गुलाब प्लेअरमध्ये होते. व्हिडिओ चालू असताना प्लेअर ते चेहऱ्यांवर वरून दाखवायचा. फाइलमध्ये चेहरे उघडेच होते. आजवर फाइल लॅपटॉपबाहेर गेली नव्हती, म्हणून ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही.

तो माफी मागायला गेला. आफरा दारात उभी राहिली. त्याने सगळं समजावलं.

"म्हणजे तुमच्या लॅपटॉपपुरतीच मी झाकलेली," ती म्हणाली. "आणि गुलाब नेमका तोंडावर कसा यायचा?"

"जागा दाखवावी लागते."

"कोण दाखवतं?"

राहीलने नजर उंबऱ्याकडे वळवली.

"म्हणजे आधी तुम्ही बघितलं."

"कामापुरतं."

हे खरं नव्हतं. आफराचा गुलाब केव्हाच नीट बसला होता. तरी तो काढून त्याने तिचा नाच पुन्हा पुन्हा पाहिला होता. तिने ते त्याच्या तोंडावर वाचलं असावं. तिने ओढणी पुढे ओढली. त्याच्यासमोर ती असं कधी करत नसे.

आतून तिच्या अम्मीचा आवाज आला. "राहील आलाय का? बसव गं त्याला, चहा टाकलाय. पोराचा काय गुन्हा? मशीन बिघडलं, दुसरं काय!"

आफरा नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

"मशीन बिघडलं नाही, खाला," राहील म्हणाला. "गुलाब मी बसवतो. हाताने. सगळ्यांचे."

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला. चहा कोणी आणला नाही. बसायलाही कोणी म्हणालं नाही.